केणी, पाते आणि डोंगराची माती

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलाला एक गोष्ट कोणी न शिकविता कळते. माती ओढून आणणे सोपे असते, ती जागेवर राहविणे कठीण. घाईने रचलेल्या कड्यावर तांब्याभर पाणी सांडले की तट खाली आलाच म्हणून समजावे. उलट दगड बसवून, माती थापटून, पाण्याला वाट ठेवून केलेला किल्ला भाऊबिजेपर्यंत सुखाने उभा राहतो. जुन्नरच्या मुलांना नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. मान वर केली की शिवनेरी समोर असतोच. त्याच जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील मोठ्या माणसांनी खऱ्या डोंगरावर हाच उद्योग पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यासाठी लागणाऱ्या अवजाराची ही हकीगत आहे.

ह्या दोन्ही तालुक्यांत एकाच नावाखाली दोन देश नांदतात. पूर्वेला नारायणगाव, मंचर ह्या बाजूस जमीन सपाट, पाऊस बेताचा. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीचा माथा, धो धो पाऊस आणि उतारावर चिकटलेली महादेव कोळी व ठाकर समाजांची शेती. पूर्वेच्या शेतकऱ्याला जमीन उकरायची असते, पश्चिमेच्या शेतकऱ्याला ती आधी तयार करायची असते. उताराची माती वरून कोरायची, खाली दगडी बांध घालून त्याच्या पोटात भरायची आणि भाताचे खाचर उठवायचे. ह्या कामाला तिकडे पडकई म्हणतात. उन्हाळ्यात शेतकाम नसते त्या दिवसांत चारपाच घरे मिळून ते करीत. आज तुझे खाचर, उद्या माझे.

पहार, कुदळ, फावडे ही तर हत्यारे झालीच. पण खणलेली माती हलवायला खरी उपयोगी ती केणी. जाड फळी, तिच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी, मागे धरायला दांडा आणि पुढे बैलांची जोडी, एवढाच तिचा संसार. दांडा दाबला की कड मातीत शिरते आणि फळीपुढे माती साचते. हात सैल सोडला की फळी मातीवरून पुढे निघून जाते आणि ढीग मागे राहतो. किती दाबायचे, कुठे सोडायचे, हे मनगटाला ठाऊक असे. ह्या भागातील एका वृद्ध गृहस्थांनी मला त्यांची केणी दाखविली. पट्टीच्या एका टोकाला झीज अधिक होती. ‘उताराची बाजू,’ ते म्हणाले, ‘तिकडं हात जड पडतो.’

आता लोखंडाकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते असा समज असल्याने गिऱ्हाईक मिळेना. पुढे १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो समज हळूहळू मावळला. त्या अडाणी समजुतीला आपण हसतो. पण सरकारने विलायतेहून आणलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनी १८९३च्या अहवालात बजावले होते की हिंदी शेतकऱ्याची अवजारे दिसतात तितकी मागासलेली नाहीत. नवे अवजार आले की आधी जमिनीला विचारावे, ही वृत्ती मला तरी अगदीच टाकाऊ वाटत नाही.

ट्रॅक्टर आला तो मात्र कोणाला विचारीत बसला नाही. सुरुवातीचा ट्रॅक्टर म्हणजे केवळ लोखंडी बैल. मागे साखळीने नांगर बांधायचा आणि ओढायचा. नांगर खडकाला अडला की पुढची चाके उचलली जात आणि यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन ह्या माणसाने ह्यावर उपाय काढला. खाली दोन बाहू आणि वर एक दांडा अशा तीन ठिकाणी अवजार धरायचे आणि तेलाच्या दाबाने उचलायचे. १९३६ साली हे ट्रॅक्टर बाजारात आले. आज आपल्या गावात जे जे ट्रॅक्टर दिसतात, त्यांच्या मागे हेच तीन हात आहेत.

खरी मौज जोडणीत आहे. वरच्या दांड्याला, म्हणजे टॉप लिंकला, आटे असतात. तो आखडला की नांगराचे फाळ खोल जाऊ पाहतात, लांबविला की उथळ. उजव्या बाहूची उंची फिरवून अवजार समतल करतात. बाजूच्या साखळ्या सैल राहिल्या तर अवजार शेपटीसारखे हलते. नांगराऐवजी लेव्हलरचे पाते लावले तर आणखी पाहावे लागते: पाते कितपत तिरके ठेवायचे, कोणती बाजू खाली, धार मातीला कोणत्या कोनात भिडवायची. मागे वजन लटकले म्हणजे पुढची चाके हलकी होतात. तेव्हा पुढे वजने टांगावी लागतात. थंड देशांत हेच पाते हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ लोटते. तिथे त्याला खाली छोटे जोडे बसवितात, म्हणजे धार खडीपासून बोटभर वर राहते आणि बर्फाबरोबर रस्ता उखडून येत नाही. काय हलवायचे ह्यापेक्षा काय जागेवर ठेवायचे, ह्याचा तो विचार आहे.

१९५९मध्ये फरिदाबादला आयशर ट्रॅक्टर तयार होऊ लागला, मागून इतर कारखाने निघाले. जुन्नर-आंबेगावात ट्रॅक्टरला खरे दिवस आले ते कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो पिकू लागले. हाती पैसा आला, पलटी नांगर आणि रोटाव्हेटर आले. पण घोड नदीवरच्या डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव देणारे गावच पाण्याखाली गेले. खोऱ्यातली भाताची जमीन गेलेली माणसे वर उतारावर सरकली. ज्या पाण्याने खाली ट्रॅक्टर आणला, त्याच पाण्याने वर पडकईची गरज वाढविली. ‘शाश्वत’ ह्या संस्थेने ह्या लोकांबरोबर पडकईचे काम केले. २०१२मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मग डोंगरावर यंत्र चढले. ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, ते मुळात ट्रॅक्टरचेच जोडअवजार. इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५३मध्ये ट्रॅक्टरला पुढे लोटणी आणि मागे खोदणारा हात जोडला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे आता मराठी शब्द होऊन बसली आहेत. केणी जे चार उन्हाळ्यांत करी, ते हे यंत्र दोन दिवसांत करते. त्याचे भाडे तासावर असते, म्हणून तास वाचविणे आले. वरची काळी माती बाजूला काढून ठेवायची, मुरूम सारखा करायचा आणि ती माती पुन्हा वर पसरायची, ह्यात तास जातात. ते केले नाही की सुपीक थर खाली गाडला जातो आणि मुरूम वर येतो. बांधाआधी भराव पडतो, भरावाला बसायला पावसाळा मिळत नाही आणि पाण्याची जुनी ओघळ कुठे होती हे परगावच्या चालकाला ठाऊक नसते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला. एसटीच्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळले. १५१ माणसे गेली. अरुंद रस्ता, चिखल आणि थांबायला तयार नसलेला पाऊस ह्यांतून यंत्रे आत पोचविताना जवानांची दमछाक झाली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. अतिवृष्टी, झिजलेला खडक, बुजलेल्या पाणवाटा, यंत्राने उतारावर केलेले सपाटीकरण ही नावे घेतली गेली. काहींनी पडकईलाच दोष दिला, तेव्हा ती करणाऱ्यांचे म्हणणे पडले की हाताची पडकई निराळी आणि यंत्राची निराळी. एकाच कारणावर सारा भार टाकणे मला पटत नाही; त्या पावसाला कोणी विचारून आणले नव्हते. पण पात्याची जोडणी आणि उताराची ओळख ह्यांचा संबंध मनात आल्याशिवाय राहत नाही. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवी वसाहत झाली. २०१७च्या एप्रिलमध्ये तिचे उद्घाटन झाले.

ते वृद्ध गृहस्थ आता आपल्या नातवाच्या लहान ट्रॅक्टरवर चिखलणी पाहतात. टॉप लिंकचे आटे किती फिरवायचे ह्यावरून दोघांचा दरवर्षी वाद होतो, आणि नातू म्हणतो की आजोबांचे बहुधा बरोबर निघते. केणी पडवीत वाशाला टांगलेली आहे. खाचराच्या ज्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नाही, तिथे ती अजून लागते.