दोन छाटण्यांची कुळकथा

वर्ध्यात एखाद्या घराच्या आवारात द्राक्षाचा वेल दिसला की मी थांबून वर बघतो. वेल बहुधा जोमात असतो. मांडव पानांनी गच्च भरलेला असतो आणि खाली चांगली सावली पडलेली असते. घड मात्र दिसत नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "इकडच्या मातीत द्राक्ष होत नाही." मला ते पटत नाही. माती अडचणीची आहे हे खरं, पण वेल रिकामा राहतो तो बहुतेकदा कात्री न लागल्यामुळे. आपल्याकडे ती वर्षातून दोनदा लावावी लागते. हे दोनदाचं गणित कुठून आलं, ते समजून घेतलं तर अंगणातला वेलही समजतो.

द्राक्षाचं कुळ थंड मुलखातलं. पाणिनीला काबूलजवळची कापिशी नगरी द्राक्षांसाठी माहीत होती. तिथल्या द्राक्षाला 'कापिशायनी' म्हणावं, असा नियमच त्याच्या व्याकरणात आहे. कौटिल्यानेही द्राक्षाच्या मद्याचं नाव त्याच कापिशीवरून दिलं आहे. म्हणजे आपल्या ग्रंथांत द्राक्ष येतं ते उत्तरेकडच्या डोंगराळ प्रदेशाचा पत्ता सोबत घेऊनच. पुढे सुकवलेली फळं व्यापाऱ्यांबरोबर आली आणि त्यांची नावंही आली. 'बेदाणा' म्हणजे फारसीत दाणा, अर्थात बी, नसलेला. 'मनुका'मागे अरबी 'मुनक्का' आहे. त्याचा अर्थ निवडून साफ केलेला. बिनबियांच्या द्राक्षाचा वेल आपल्या शेतात रुजण्याच्या कितीतरी आधी त्याचं नाव मराठी घराच्या डब्यात जाऊन बसलं होतं.

वेल दख्खनमध्ये पोचला होता याचा एक पक्का जुना पुरावा दौलताबादचा आहे. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी तिथे हलवली. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलं की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात, आणि ती वर्षातून दोनदा येतात. प्रवासवर्णनातली ही नोंद आपण सहज वाचून पुढे जातो. माझ्या मते या कुळकथेतली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

कारण वेलाच्या मूळ मुलखात दोनदा फळ येणं शक्यच नाही. तिथे हिवाळ्यात पानं झडतात, वेल झोपतो आणि वसंतात जागा होतो. माळी त्या झोपेत एकदाच छाटणी करतो. दख्खनमध्ये वेलाला झोप लागेल अशी थंडीच पडत नाही. तो बाराही महिने वाढत राहतो, आणि सगळी ओढ शेंड्याकडे असते. शेंड्याचे डोळे फुटतात, बुडाकडचे तसेच राहतात, ओलांडे (मांडवावरच्या आडव्या मुख्य फांद्या) उघडे पडत जातात. छाटलं की मात्र तो कुठल्याही महिन्यात पुन्हा फुटतो. काही जातींना त्या फुटीवर घडही येतात. पण पावसाळ्यात पिकणारा घड आंबट राहतो, कुजतो, रोगाला बळी पडतो. मग दोन बहारांतला एक सोडायचा आणि एक सांभाळायचा, असं आपल्या बागायतदारांनी ठरवलं.

एप्रिलमध्ये खरड छाटणी. नावाप्रमाणे वेल जवळजवळ खरडूनच काढायचा. जुन्या काडीवर एखादा डोळा ठेवायचा. ही छाटणी फळासाठी नसते, नव्या काडीसाठी असते. नवी फूट आल्यावर साधारण ४० ते ६० दिवसांत त्या काडीच्या डोळ्यांत ठरतं, की पुढे यातून घड निघेल की नुसता तणावा. त्या दिवसांत डोळ्यांवर ऊन पडलं पाहिजे. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला गोडी बहाराची छाटणीही म्हणतात. पिकलेली काडी सहा-आठ डोळ्यांवर कापायची. फूट येते, घड दिसतो आणि सुमारे चार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात, तो गोड होतो. वेल एकच, वर्ष एकच. छाटण्या दोन आणि पीक एक. जे काम तिकडे हिवाळा करतो, ते इकडे कात्री करते.

नाशिककडे भोकरी, फकडी, हबशी, साहेबी या जुन्या जाती होत्या. वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवत, पानमळ्यात पानवेल चढवतात तसा. ओझरला १९२५मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षबाग लावली, तिथून त्या भागातल्या बागायतीने जोर धरला. साठच्या दशकात थॉमसन सीडलेस आली आणि चित्र पालटलं. ती मूळची पश्चिम आशियातली बिनबियांची द्राक्षं. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन यांचं नाव त्यांना चिकटलं. तिच्यातूनच तासगावकडे 'तास-ए-गणेश' निवडली गेली. म्हणजे बेदाणा अर्ध्या जगाला वळसा घालून आपल्याकडे वेल म्हणून आला. पण त्यालाही इथे त्या दोन छाटण्याच लागल्या.

वर्ध्याच्या माणसाला हे तंत्र परकं वाटायला नको. आर्वी, आष्टी, कारंजातला संत्र्याचा बागायतदार हेच करतो. आंबिया बहार हवा म्हणून तो थंडीत पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, झाड विसावलं की पाणी सोडतो. संत्र्याला ताण, द्राक्षाला कात्री.

आता अंगणाचं. आपल्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि काळी कन्हार पाणी धरून ठेवते. द्राक्षाची मुळं ते सहन करत नाहीत. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घालून वेल उंचवट्यावर लावा. शक्य असेल तर डॉगरिज खुंटावर कलम केलेलं रोप घ्या. पहिली दीड-दोन वर्षं फळाचा विचार नको. एक सरळ खोड, मांडवावर दोन ओलांडे, एवढंच घडवा. खरड छाटणीनंतरची कोवळी फूट आपल्या ४५ अंशांच्या उन्हात करपते, तेव्हा पाणी चुकवू नका आणि बुडाशी पाचट पसरा. पावसाळ्यात पानाखाली पांढरी बुरशी आणि वर पिवळे डाग दिसले तर तो केवडा. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, या प्रमाणात केलेलं बोर्डो मिश्रण त्यावर चालतं. फळछाटणीनंतर एका काडीला एकच घड ठेवा.

तुमच्या दारात तीन-चार वर्षांचा, नुसत्या पानांचा वेल असेल तर तो उपटू नका. येत्या चैत्रात छाटणीची कात्री घ्या आणि मन घट्ट करून प्रत्येक काडीवर एकच डोळा ठेवा. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्या-कोजागिरीच्या दरम्यान, तीच कात्री पुन्हा काढा. होळीपर्यंत वाट बघा.