जुन्या पोहण्याच्या तलावातल्या बारीक भेगा: कोणत्या सोडाव्यात, कोणत्या भराव्यात

सिमेंट गिलाव्याच्या जुन्या तलावात बारीक भेगा दिसणे नवीन नाही. अडचण वेगळीच असते. भेग दिसली की बहुतेक जण लगेच पाणी उपसून सिमेंट लावायला निघतात, आणि कधी कधी नुकसान त्या उपशानेच होते.

तळावर किंवा भिंतीवर जाळ्यासारख्या पसरलेल्या, केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्या वरच्या थरातच असतात. गिलावा लावताना उन्हाने, वाऱ्याने तो लवकर वाळला किंवा सिमेंट जास्त पडले की त्या येतात. त्यांत शेवाळ आणि मळ साचतो, पण पाणी गळत नाही. घासायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरले तर मात्र उरलासुरला गिलावा पातळ होतो.

एकाच रेषेत लांबवर गेलेली, कोपऱ्यातून तिरपी निघालेली किंवा नखाला खाच लागेल अशी भेग वेगळी. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी भारतीय मानकांत भेगेची रुंदी साधारण ०.२ मिलिमीटरपर्यंत धरली जाते. त्याहून बारीक भेग पाण्यातल्या चुन्याने पुष्कळदा आपोआप बुजते. रुंद भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. काही महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली, तर ती ‘चालू’ भेग आहे.

बिलोली भागात ही खूण महत्त्वाची, कारण इथली जमीन एकसारखी नाही. मांजरेच्या काठाला काळी माती आहे, तर नांदेड जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला ग्रॅनाइटचा खडक आणि मुरूमही लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर बसलेला तलाव दरवर्षी थोडा हलतो, त्यामुळे मे महिन्यात रुंद झालेली भेग पावसानंतर मिटल्यासारखी वाटू शकते. म्हणून खुणा किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहाव्यात. मुरमावरच्या तलावात अशी ये-जा सहसा कमी.

गळती आहे का, हे बादलीने कळते. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात बाहेरच्या पातळीइतकेच पाणी भरावे, दोन्हीकडे खूण करावी आणि पंप बंद ठेवून चोवीस तास थांबावे. उन्हाळ्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उतरू शकते. तलावाचे पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले तरच गळती समजावी. मग पाणी स्थिर असताना संशयित भेगेजवळ पिचकारीने खाण्याचा रंग सोडावा. रंग आत ओढला गेला, तर जागा सापडली.

तलाव रिकामा करायचा तर पावसाळ्यात अजिबात नको. भूजल वर आले असेल, तर ते रिकाम्या तलावाचा तळ खालून उचलते, आणि जुन्या तलावांत हा दाब सोडणारी झडप बहुधा नसते. मे महिन्यातही नको, तापलेला कोरडा गिलावा आणखी तडकतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा. त्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावावे: तिचे पाणी तलावाच्या तळापेक्षा बरेच खाली असले पाहिजे.

गिलाव्यावर हलके ठोकून पोकळ आवाज आला, तर तो भाग सुटला आहे. तो काढून नव्याने करावा. न वाढणाऱ्या भेगेला सहा ते दहा मिलिमीटर खोल खाच पाडून धूळ काढावी, ओलावा द्यावा आणि न आक्रसणारे पॉलिमर सिमेंट भरावे. नुसते वरून सिमेंट फासले तर ते पुन्हा फुटते. चालू भेगेत मात्र ताठ सिमेंट टिकत नाही. तिथे लवचीक पॉलियुरेथेन लागते, आणि ती मोठी असेल तर आधी अभियंत्याला दाखवावी. चुना-सुरखीच्या जुन्या हौदात सिमेंट भरू नये, ते आजूबाजूच्या मऊ चुन्याला सोडून देते. तिथे चुन्याचाच गिलावा लावावा.

सिमेंट भरलेली जागा किमान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी आणि त्यानंतरच पाणी सोडावे.