तारा, ताराबाई

तारा हे महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे स्त्रीनाम असून चांदणी हा त्याचा रूढ अर्थ होय. संस्कृतातील ‘तॄ’ (पार करणे) या धातूशी संबंध जोडून ‘तारणारी’ असाही अर्थ लावला जातो, आणि बौद्ध देवता तारा व दशमहाविद्यांपैकी तारा यांच्या बाबतीत तोच प्रधान मानला जातो. पुराणांत बृहस्पतीची आणि रामायणात वालीची पत्नी या नावाची असून वालीपत्नीची गणना पंचकन्यांत होते.

कोल्हापूर भागात या नावाला जे वजन आहे, त्याचे मूळ पुराणांपेक्षा इतिहासात शोधावे लागते. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या आणि छत्रपती राजाराम यांच्या पत्नी महाराणी ताराबाई (१६७५–१७६१) यांनी १७०० मध्ये पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून राज्याची सूत्रे हाती घेतली आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मोगलांशी लढा चालू ठेवला. त्यांच्या कर्तबगारीची दखल मोगल पक्षाचा इतिहासकार खाफीखान यासही घ्यावी लागली. राजारामांचा पुतण्या शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ताराबाईंनी त्याचा हक्क नाकारला, खेडच्या लढाईत पराभव झाल्यावर पन्हाळ्यास वेगळी गादी उभी केली आणि करवीर (कोल्हापूर) राज्याचा पाया घातला. १७१४ मध्ये राजारामांची दुसरी एक पत्नी राजसबाई हिचा पुत्र संभाजी गादीवर आला व ताराबाई नजरकैदेत पडल्या, तरी करवीरच्या लोकस्मृतीत संस्थापक म्हणून त्यांचेच नाव राहिले, आणि ते योग्यच आहे. सातारा व करवीर या दोन्ही गाद्यांच्या सीमा १७३१ च्या वारणेच्या तहाने ठरल्या.

राजघराण्यात हे नाव पुढेही आले: राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या पत्नी, बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील महाराणी, ताराबाई याच नावाने ओळखल्या जात.

कोल्हापूर शहरात नावाची दोन रूपे नांदतात. वस्ती आणि रस्ता यांना ‘ताराबाई’ (ताराबाई पार्क, ताराबाई रोड), तर गौरव अभिप्रेत असेल तेथे ‘ताराराणी’: कावळा नाक्यावरील अश्वारूढ पुतळा आणि ताराराणी विद्यापीठ ही त्याची उदाहरणे. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांच्या या पुतळ्यात घोडा मागच्या पायांवर उभा असून राणीच्या हाती तलवार आहे. या नावाच्या वडीलधाऱ्या स्त्रीस घरात व गल्लीत ‘ताराक्का’ म्हणतात.

अन्य उल्लेखनीय व्यक्ती: ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या ग्रंथाच्या कर्त्या ताराबाई शिंदे, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर.

तारामती: हरिश्चंद्राची पत्नी.