एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा

गेल्या हिवाळ्यांत एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास जाण्याचा योग आम्हांस आला. आमची भाची तेथें शिकते. तिच्या आग्रहाखातर गेलों. चार तास गाणीं, नाच व नकला झाल्या, आणि त्यांतल्या कांहीं खरोखर चांगल्या होत्या. एका वृद्ध विद्वानांस मात्र भाषणासाठीं दहा मिनिटें मिळालीं, आणि तींही मागच्या बाकांवरील शिट्यांत गेलीं. परततांना भाचीनें सहज विचारलें, "मामा, तुम्ही म्हणतां कीं पूर्वीं कॉलेजांतल्या सभांना बाहेरचे लोकही येत. नुसतीं भाषणें ऐकायला?" प्रश्न अर्धा थट्टेचा होता, पण उत्तर गाडींत बसल्या बसल्या देण्यासारखें नव्हतें. तें येथें देतों.

त्यासाठीं सन १८४८ च्या मुंबईस गेलें पाहिजे. विश्वविद्यालय तेव्हां नव्हतें. तें १८५७ सालीं स्थापन झालें. होती ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ सालीं स्वदेशीं परत निघाले, तेव्हां मुंबईकरांनीं वर्गणी जमवून त्यांच्या नांवानें अध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचें ठरविलें. ऑर्लिबार व हार्कनेस हे पहिले दोन अध्यापक येथें येऊन पोंचावयास १८३५ साल उजाडलें. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेंत शिकवीत. १८४६ सालीं ते अकालीं वारले. आज काळा घोड्याजवळ जी दगडी इमारत आपण एल्फिन्स्टन कॉलेज म्हणून ओळखतों ती बरीच नंतरची. आम्ही सांगतों त्या वेळीं भव्य असें कांहीं नव्हतें. होते ते विशी-पंचविशींतले तरुण. डोकें इंग्रजी ग्रंथांनीं भरलेलें, आणि घरीं गेल्यावर सोवळ्याओवळ्याच्या धाकांत वावरणारे.

शहरास या तरुणांचा विश्वास वाटत नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. १८३९ सालीं डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील दोन पारशी मुलांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढें १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाचें प्रकरण उपस्थित झालें आणि मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या त्या पोरास पुन्हा जातींत घ्यावें कीं न घ्यावें यावरून लोकांत तट पडले. इंग्रजी शाळेंत घातलेला मुलगा घरास मुकतो, ही भीति घरोघर होती. सरकारी संस्था धर्माच्या वाटेस जात नव्हती. पण भीतीस असला भेद कळत नाहीं.

अशा दिवसांत, ता. १३ जून १८४८ रोजीं, या संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. अध्यक्षस्थानीं प्रोफेसर पॅटन होते. दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी, विश्वनाथ नारायण मंडलिक हीं नांवें पुढें या ना त्या नात्यानें या मंडळींत आढळतात. दादाभाई तेव्हां अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. सभेची रीत साधी. एकानें निबंध लिहून आणावा व वाचावा, इतरांनीं त्यावर बोलावें, अखेरीस अध्यक्षांनीं आपलें मत द्यावें. हें सर्व इंग्रजींत. येथवर ती जगांतल्या कोणत्याही महाविद्यालयांतील वादसभेसारखीच होती, आणि तेवढीच राहिली असती तर आज तिची आठवण काढण्याचें कारण पडलें नसतें.

पण त्याच वर्षीं तिला दोन शाखा फुटल्या: एक मराठी व एक गुजराथी. मराठी शाखेचें नांव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांजकडे होतें. ज्यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें तेच हे दादोबा. या शाखांचें महत्त्व कळण्यास आधल्या वर्षीचा वाद ठाऊक असावा लागतो. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें, वरचें शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. जर्व्हिस आणि नाना शंकरशेट यांनीं देशभाषांची बाजू हिरिरीनें मांडली. तो वाद कागदोपत्रीं चालला. विद्यार्थ्यांनीं त्याचें उत्तर दुसऱ्याच प्रकारें दिलें. इंग्रजी सभा मोडावयाची नाहीं, पण ज्याला इंग्रजी येत नाहीं त्या दुकानदारास, कारकुनास, भटजीस सुद्धां बसून ऐकतां येईल अशा सभा तिच्या शेजारीं भरवावयाच्या. आमच्या मतें या वादाचें इतकें शहाणपणाचें उत्तर त्यानंतर फारसें कोणीं दिलेलें नाहीं.

यांत एक अडचण होती, तिचा विचार आपण सहसा करीत नाहीं. वातावरण म्हणजे काय, ग्रहण कशानें लागतें, व्यापारानें देशास काय लाभ होतो, हें मराठींत सांगावयाचें कोणत्या शब्दांनीं? शास्त्रीय गद्य तेव्हां नुकतें रांगूं लागलें होतें. पुस्तकांतला अवघड शब्द वाचणारा दोनदां वाचतो. सभेंतला शब्द मात्र एकदां कानावरून गेला कीं गेला. म्हणून वक्त्यास वाक्य सुटसुटीत करावें लागे, उदाहरण ओळखीचें द्यावें लागे. १८५० सालीं 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघालें आणि १८६७ पर्यंत चाललें. त्या मासिकांतील गद्य आज जड वाटलें तरी त्यांत एक गुण आहे: समोर कोणी बसला आहे व त्याला समजलें पाहिजे, ही जाणीव त्यांत असते. हा गुण सभेंतून आला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य गोष्ट. १८४९ सालीं बेहरामजी गांधी या पारशी सभासदानें सोसायटींत स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला. विषय नवा नव्हता; असे निबंध पुष्कळ वाचले गेले असतील आणि टाळ्यांबरोबर विरले असतील. पण पॅटनसाहेबांनीं समारोप करतांना मुलांना डिवचलें: एवढें पटतें आहे तर बोलून थांबतां कां, कांहीं करून दाखवा. आणि मुलांनीं तें मनावर घेतलें. कांहीं महिन्यांतच सोसायटीच्या मुलींच्या शाळा सुरू झाल्या, कांहीं पारशी मुलींसाठीं व कांहीं मराठी मुलींसाठीं. आरंभीं पारशी मुली ४४ व हिंदु मुली २४ होत्या. शिक्षक कोण? हेच निबंध वाचणारे तरुण. सकाळीं मुलींना शिकवावयाचें, मग आपल्या कामास लागावयाचें, आणि वेतन कांहीं नाहीं.

मुली मिळवणें हें शिकविण्याहून कठीण. दादाभाईंनीं म्हातारपणीं या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत. ते घरोघर हिंडत, ओट्यावर बसून आईबापांची मनधरणी करीत. कोणी ऐकून घेई, तर कोणी संतापी बाप पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी देई. क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढें आणावें. पुढें ब्रिटिश पार्लमेंटांत बसलेला हा गृहस्थ मुंबईच्या एका ओट्याखालीं उभा आहे, आणि त्याची मागणी एवढीच कीं, तुमच्या मुलीला सकाळचे दोन तास आम्हांकडे पाठवा.

नाना शंकरशेट यांनीं या कामीं मोठा आधार दिला. गिरगांवांत आपल्या जागेंत त्यांनीं मुलींच्या शाळेस आसरा दिला. शहरांतल्या इतक्या वजनदार हिंदु गृहस्थाच्या वाड्यांत शाळा भरते म्हटल्यावर पुष्कळांचीं तोंडें बंद झालीं. पारशी शाळांच्या पाठीशीं कामा कुटुंब उभें राहिलें. तरुणांचा उत्साह खरा, पण त्याला छप्पर लागतें व खर्चास पैसा लागतो, आणि तो वडीलधाऱ्यांकडूनच यावयाचा, हें या मुलांस लवकर उमगलें.

येथें थोडें थांबून प्रमाणहि पाहिलें पाहिजे, नाहींतर हा लेख पोवाडा होईल. मुंबईंत मुलींची शाळा ही नवलाई नव्हती. अमेरिकन मिशननें ती १८२४ सालींच काढली होती. पुण्यास जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनीं भिडे वाड्यांतील शाळा १८४८ सालीं उघडली, म्हणजे सोसायटीच्या शाळांच्या आधीं. आणि त्यांच्यामागें ना प्रोफेसर होता ना शंकरशेटांसारख्याचा वाडा. शिवाय तेथें शिकविणारी स्वतः स्त्री होती. एल्फिन्स्टनच्या सभेंत मुलींच्या हिताचा विचार करणारे सारे पुरुष, आणि तेहि बहुतेक वरच्या, सुखवस्तु थरांतले. ज्या मुलींविषयीं निबंध वाचला गेला त्यांच्यापैकीं कोणास तो ऐकावयास बोलाविलें नव्हतें. हा दोष काळाचा म्हणून सोडून देतां येईल. पण त्याच काळांत पुण्यास त्याहून पुढचें पाऊल पडलें होतें, म्हणून तो पुरता सोडूं नये.

सभेच्या मर्यादा आणखी एका ठिकाणीं दिसतात. ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग हे १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेचेहि प्रवर्तक. ती सभा गुप्त. जातिभेद मानणार नाहीं अशी शपथ घ्यावयाची, परजातीच्या हातचा पाव खावयाचा, पण बाहेर अवाक्षर काढावयाचें नाहीं. म्हणजे तोच मनुष्य एका सभेंत दिवे लावून, लोकांस बोलावून, ज्ञानाच्या गोष्टी सांगतो, आणि दुसऱ्या सभेंत दारें लावून त्या ज्ञानाप्रमाणें वागतो. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी बाहेर फुटली आणि परमहंस सभा क्षणांत मोडली. उघड्या सभेंतून निघालेल्या शाळा मात्र टिकल्या. आम्ही दादोबांस भित्रे म्हणणार नाहीं. जातीबाहेर पडणें म्हणजे मुलांचीं लग्नें अडणें, मयतास खांदा न मिळणें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तो शब्द जपून वापरावा.

राजकारणानेंहि लवकरच याच वास्तूचा आश्रय घेतला. ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं बॉम्बे असोसिएशनची स्थापना करणारी सभा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येंच भरली. अध्यक्ष नाना शंकरशेट. दादाभाईंनीं तेथें भाषण केलें. राजकीय विषयावर तें त्यांचें पहिलें. चार वर्षें निबंध वाचून आणि ऐकून जी जीभ तयार झाली होती ती आतां पार्लमेंटास अर्ज करण्याची भाषा बोलूं लागली.

गाण्याचें काय, असें भाची विचारील. तिचा मुद्दा रास्त आहे. या सभांत गाण्यास स्थान असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. सुशिक्षितांच्या मनांत गाणें म्हणजे बैठक, आणि बैठक म्हणजे बदनामी, असें समीकरण बसलें होतें. तें सोडविण्याचें काम पारशी मंडळींनीं केलें: कैखुश्रू काबराजी यांनीं १८७० सालीं गायन उत्तेजक मंडळी काढून संगीतास संभावित लोकांत आणलें, आणि १८८४ सालीं तरुण विष्णु नारायण भातखंडे तींत दाखल झाले. तिचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८५५ सालीं दादाभाई कामा कंपनीच्या कामानें विलायतेस गेले. आदल्याच वर्षीं ते गणित व पदार्थविज्ञान यांचे प्रोफेसर झाले होते. तो मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ, आणि आयुष्यांत मिळालेल्या सर्व मानांत तोच त्यांस अधिक प्रिय राहिला. लंडनमध्यें त्यांनीं १८६६ सालीं ईस्ट इंडिया असोसिएशन उभी केली आणि दुसऱ्या वर्षीं तिच्यापुढें हिंदुस्थानची संपत्ति इंग्लंडकडे कशी वाहून जाते यावर निबंध वाचला. रीत तीच: निबंध, चर्चा, अध्यक्षांचे शब्द. फक्त या वेळीं श्रोत्यांत हिंदुस्थानांतून पेन्शन घेऊन परतलेले साहेब होते.

इकडे सोसायटीचें अध्यक्षपद कालांतरानें भाऊ दाजींकडे आलें. त्या आसनावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. बालिकाहत्येवरील निबंधास सहाशें रुपयांचें बक्षीस मिळविलेला हा डॉक्टर मुलींच्या शाळांचा शेवटपर्यंत पाठीराखा राहिला. गिरगांवांतली सोसायटीची शाळा पुढें पिढ्यान्‌पिढ्या चालली. जुने गिरगांवकर तिला कमळाबाई शाळा म्हणून ओळखतात. आमच्या भाचीची पणजी मुंबईची. तिला सहीपुरतें नव्हे तर पोथीपुरतें वाचतां येत असे, आणि तें ती लग्नाआधीं गिरगांवांत शिकली, एवढें घरांत सर्वांस ठाऊक आहे. कोणत्या शाळेंत, हें विचारून ठेवण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं.