तळटीप : इयन होम
इयन होम (१९३१–२०२०) यांना रंगभूमी सोडून पडद्यावर गेलेला चरित्र अभिनेता म्हणणे अपुरे आहे. त्यांचा चित्रपटातील अभिनय रंगभूमीनेच घडवला. हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द होमकमिंग’मध्ये (१९६५) त्यांनी लेनी साकारला आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगांसाठी १९६७ साली टोनी पुरस्कार मिळवला. पिंटरच्या नाटकात धमकी शब्दांपेक्षा विरामांत दडलेली असते. ‘एलियन’मधला (१९७९) अ‍ॅश पाहावा : तीच थंड नजर, तेच आवाज न चढवता समोरच्याला अस्वस्थ करणे. यावर आक्षेप असा, की १९७६ साली ‘द आइसमन कमेथ’च्या वेळी रंगमंचाच्या भीतीने ते कोलमडले, पुढे कित्येक वर्षे नाटकापासून जवळजवळ दूरच राहिले, मग पडदा हाच त्यांचा खरा प्रांत नव्हे का? परंतु भीतीने प्रयोग थांबले, अंगी मुरलेली शिस्त नाही. शिवाय ते परतलेही : १९९३ साली पिंटरच्याच ‘मूनलाइट’मध्ये, आणि १९९७ साली नॅशनल थिएटरमध्ये रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली लिअर म्हणून. त्या लिअरला ऑलिव्हिए पुरस्कार लाभला.