क्लेमाटिसची वेल कुंडीतल्यापेक्षा खोल का लावतात?

रोप कुंडीत जितकं खोल होतं, तितकंच खोल ते जमिनीत लावायचं, हा बागकामातला साधा नियम. त्याहून खोल गेलं तर बहुतेक रोपांचं खोड कुजतं. मोठ्या फुलांच्या क्लेमाटिसला मात्र हा नियम लागू होत नाही.

ब्रिटन, युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत भिंती आणि कुंपणांवर दिसणारी जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं बऱ्याचदा याच वेलीची असतात. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत 19व्या शतकात तयार झालेली 'जॅकमनी' ही जांभळी जात आजही लोकप्रिय आहे.

खोल लावण्याचं कारण काय?

मोठ्या फुलांच्या संकरित जातींना बुरशीमुळे मर रोग होतो. ऐन कळ्या धरलेली वेल एक-दोन दिवसांत मान टाकते, पानं आणि देठ काळे पडतात. वेल मेली असं समजून अनेकजण ती उपटून टाकतात. पण ही बुरशी जमिनीवरच्या भागावर हल्ला करते, मुळं सहसा जिवंत राहतात. खोडावरचे काही डोळे मातीखाली असतील, तर तिथून नवे फुटवे येतात. म्हणूनच मातीचा गोळा भोवतालच्या जमिनीपेक्षा 5 ते 8 सेंटिमीटर खाली बसवतात. रोग दिसल्यास काळी पडलेली फांदी निरोगी भागापर्यंत कापून नष्ट करावी आणि कात्री स्वच्छ करावी.

सदाहरित आणि न चढणाऱ्या झुडपी क्लेमाटिसना मात्र नेहमीच्याच खोलीवर लावतात.

लावताना काय पाहावं?

- खड्डा रुंद आणि खोल घ्यावा, मातीत कुजलेलं खत मिसळावं. पाण्याचा निचरा हवाच.
- भिंतीलगतची माती पावसातही कोरडी राहते. त्यामुळे रोप भिंतीपासून 30 ते 45 सेंटिमीटर दूर लावून वेल भिंतीकडे कलती करावी.
- शेंड्याला ऊन, मुळांना गारवा हवा. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करावं, पण ते खोडाला चिकटू देऊ नये.
- ही वेल पानांच्या देठांनी आधाराला विळखा घालते. जाड खांब तिला धरता येत नाही, बारीक तार किंवा जाळी लागते.
- पहिल्या वर्षी नियमित पाणी द्यावं. थंड प्रदेशात हिवाळा संपता संपता नवी वेल सुमारे 30 सेंटिमीटरवर छाटली, की खालून जास्त फुटवे येतात.
- रसाने त्वचेची आग होऊ शकते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत.

महाराष्ट्रात लावता येते का?

मोठ्या फुलांच्या जातींना हिवाळ्यातली थंडी लागते, त्यामुळे कोकण किंवा मुंबईच्या उष्ण, दमट हवेत त्या चांगल्या फुलणं कठीण. पण क्लेमाटिसच्या कुळातली मोरवेल सह्याद्रीत आपोआप वाढते. पावसाळ्यानंतर ती पांढऱ्या फुलांनी भरते आणि पुढे तिच्या बियांना पिसांसारख्या शेपट्या येतात. फोटोतली जांभळी फुलं ती देणार नाही, पण इथल्या हवेत टिकेल.