अंगावरील आरोग्य उपकरणांची क्ष-किरण तपासणी: काय दिसते आणि काय दिसत नाही

स्मार्ट अंगठी, स्मार्ट घड्याळ किंवा दंडावर चिकटवलेला ग्लुकोज संवेदक ही उपकरणे रात्रंदिवस त्वचेला लागून असतात. पाणी व घाम आत शिरू नये म्हणून त्यांची कवचे घट्ट बंद केलेली असतात. अंगठीत तर सर्व भाग राळेत गाडलेले असतात. ती उघडणे म्हणजे तोडणेच. तोडताना आतील पट्ट्यांची मूळ जागा बदलते आणि शोधायचा दोषच पुसला जाऊ शकतो. म्हणून अशा तपासणीसाठी औद्योगिक सीटी स्कॅनचा वापर केला जातो.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण चित्रात मात्र पुढचे व मागचे भाग एकमेकांवर पडतात. अनेक कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून गणिताच्या साहाय्याने त्रिमितीय रचना उभी करणाऱ्या सीटी तंत्राबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयात किरणस्रोत रुग्णाभोवती फिरतो. कारखान्यातील यंत्रात बहुधा वस्तूच फिरवली जाते. निर्जीव वस्तूला किरणांच्या मात्रेचे भय नसल्याने चित्रण दीर्घकाळ चालू ठेवता येते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान तपशील टिपता येतात.

पदार्थ जितका घन आणि त्याचा अणुक्रमांक जितका मोठा, तितके तो क्ष-किरण अधिक अडवतो. सोने, तांबे, पोलाद ठळक उमटतात. प्लॅस्टिक पुसट राहते. लिथियमचा अणुक्रमांक अवघा ३ असल्याने ते जवळजवळ अदृश्यच असते. तरीही या तपासणीचा सर्वाधिक उपयोग लिथियम-आयन बॅटरीसाठीच होतो, कारण तिच्यातील तांब्याचे वर्ख आणि धातूच्या संयुगांचे थर स्पष्ट दिसतात. या बॅटरीत ऋण विद्युतअग्राची पट्टी धन पट्टीपेक्षा किंचित रुंद ठेवावी लागते. थर सरकून ही कड अपुरी पडली, तर प्रभारण होताना काठावर लिथियम साचू लागते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. अंगठीतील बॅटरी बोटाच्या वळणाप्रमाणे वक्र असल्याने तेथे थरांची मांडणी तपासणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनला आगी लागल्यानंतर कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये बॅटरीतील वाकलेली विद्युतअग्रे आणि जोडकामातील दोष ही कारणे जाहीर केली. त्यानंतर स्वीकारलेल्या आठ टप्प्यांच्या बॅटरी तपासणीत क्ष-किरण चाचणीचा समावेश होता. फोन खिशात असतो, घड्याळ मनगटाला बांधलेले असते. मार्च २०२२ मध्ये फिटबिट आयोनिक ही सुमारे १७ लाख घड्याळे बॅटरी तापून भाजण्याच्या धोक्यामुळे परत मागवण्यात आली. त्या वेळी एकट्या अमेरिकेत भाजल्याच्या ७८ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या.

ग्लुकोज संवेदकाच्या बाबतीत मात्र या चित्राची मर्यादा उघड होते. त्यात चपटी बॅटरी, अँटेना, चिप आणि त्वचेखाली काही मिलिमीटर जाणारा केसासारखा लवचिक तंतू दिसतो. तंतू वाकला किंवा तुटला असेल, तर तेही कळते. परंतु मोजमाप ज्यावर अवलंबून असते, तो ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा पातळ लेप क्ष-किरणांत वेगळा ओळखू येत नाही. घड्याळातील हिरवे दिवे व प्रकाशग्राहक यांचेही तसेच: त्यांची जागा दिसते, त्यांच्या नोंदीवरून हृदयगती काढणारी आज्ञावली दिसत नाही. थोडक्यात, बांधणी निर्दोष असलेले उपकरणही चुकीचा आकडा दाखवू शकते. त्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या रुग्णासाठी हा फरक जिवावर बेतणारा आहे. त्वचेला न टोचता रक्तातील ग्लुकोज मोजण्याचा दावा करणारी स्मार्ट घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा कोणत्याही उपकरणाला त्या प्रशासनाने तोपर्यंत मान्यता दिलेली नव्हती.

भारतात क्ष-किरण यंत्रांच्या वापरावर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे, त्यामुळे ही तपासणी प्रयोगशाळा व उत्पादकांपुरतीच राहते. वापरणाऱ्याने बॅटरी फुगणे, कवच उचलले जाणे किंवा असह्य उष्णता जाणवणे या खुणा दिसताच उपकरण अंगावरून काढावे. स्वतःच्या शरीराचा क्ष-किरण, सीटी किंवा एमआरआय करायचा असेल, तर दंडावरील संवेदकाची माहिती तंत्रज्ञाला आधी द्यावी. काही उत्पादकांच्या सूचनांनुसार तो तत्पूर्वी काढणे आवश्यक असते.